रवणाची पाटी

चंद्रभागा मखमलाबादच्या मळ्यात सून म्हणून आली तेव्हा तिचा धाकटा दीर दत्तू शाळेत जात होता. तिचा नवरा चिमाजी आग्रा रोडवर ट्रकखाली सापडून गेला, तेव्हा दत्तू मळा सांभाळण्याइतका मोठा झालेला होता. मूलबाळ नव्हतं. चांदवडहून भाऊ न्यायला आला होता, पण सासूनं हात धरून ठेवला आणि ती राहिली. पुढं सासूही गेली. दत्तूचं लग्न झालं, छाया घरात आली, सृष्टी झाली. चंद्रभागा मागच्या पडवीत राहायची, सगळ्यांच्या आधी उठून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची. तिला घरात काही कमी केलं असं गावात कोणी म्हटलं नसतं.

कोंबड्या मात्र तिच्या होत्या. घर दत्तूचं, मळा दत्तूचा, गाय छायाच्या माहेरून आलेली, कोंबड्या वैनीच्या. पाहुणा आला तरी दत्तू आधी विचारायचा, "वैनी, एखादी धरू का?" आणि ती कुठली धरायची ते दाखवायची. अंडी विकून तिच्या बांगड्या, चपला, सृष्टीची बिस्किटं यायची. त्यासाठी तिला कोणाला काही मागावं लागत नसे.

सत्त्याण्णव सालच्या भाद्रपदात तिची कवडी खुडूक झाली. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ही कोंबडी आई म्हणून फार चांगली होती. अंडी देणं थांबवून ती पिसं फुलवून एका जागी बसून राहायला लागली, कोणी जवळ गेलं की घशातल्या घशात गुरगुरायची. चंद्रभागानं कोंड्याच्या मडक्यात साठवलेली अंडी एकेक करून कानाशी हलवून पाहिली, लांबोडकी आणि खरबरीत बाजूला काढली आणि बाकीची उबवायला मांडून पाटीत रवण घातलं. पाटीच्या तळाशी राख, तिच्यावर कडुनिंबाचा पाला, म्हणजे पिसवा होत नाहीत, आणि वर मऊ गवत. पाटी तिनं गोठ्याच्या छपरीत, वैरणीच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. रवण बसवायचं म्हणजे निम्मं काम जागेचं, असं ती छायाला सांगायची. कोंबडी अंड्यांवर बसते असं आपल्याला वाटतं, पण ती खरं तर जागेवर बसते.

रोज दुपारी ती कवडीला दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणायची. कवडी घाईघाईनं कण्या खायची, पाणी प्यायची, मातीत लोळायची आणि धावत परत आपल्या कोपऱ्यात जायची. आठवड्यानं चंद्रभागानं बॅटरीच्या उजेडात अंडी धरून पाहिली. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसत होत्या. तिनं सृष्टीलाही दाखवलं. चार वर्षांची सृष्टी तेव्हापासून रोज विचारायची, "काकू, आज निघतील?"

पित्तरं सुरू झाली. वडिलांच्या पित्तराला भावानं बोलावलं म्हणून चंद्रभागा चांदवडला गेली. जाताना छायाला कवडीला कधी उठवायचं, पाणी कुठं ठेवायचं, सगळं सांगून गेली. दत्तू तेव्हा बाजारात होता. त्याला सांगायचं राहिलं, किंवा सांगायची गरज तिला वाटली नसेल.

दुसऱ्या दिवशी घटस्थापनेच्या बाजारासाठी झेंडूची तोड सुरू झाली. ढग दाटून आले होते, आणि फुलं भिजली तर काळी पडतात. दत्तूनं छपरी रिकामी करायला घेतली. वैरण हलवली, अवजारं हलवली, आणि कोंबडीसकट पाटी उचलून विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीशेजारी, पत्र्याच्या आडोशाला नेऊन ठेवली. अगदी अलगद उचलली त्यानं. एकही अंडं हललं नाही. वरून गोणपाटही टाकलं. छपरीत फुलांचे क्रेट छतापर्यंत रचले आणि तो मजुरांबरोबर पुन्हा शेतात गेला.

मोटार सुरू झाली तशी कवडी उठली. ती तडक छपरीत गेली, क्रेटांच्या फटीतून आपल्या जुन्या कोपऱ्यात शिरली, आणि तिथं उघड्या जमिनीवर, पोटाखाली काही नसताना, पिसं फुलवून बसली.

हे छायाला सकाळी कळलं. तिनं पाटीत हात घातला तर अंडी दगडासारखी गार होती. दत्तूनं क्रेट उतरवले, कवडीला धरून पाटीत बसवलं, वर बांबूचं डालगं झाकलं. "होईल बरोबर," तो म्हणाला.

चंद्रभागा परत आली ती पिशवी खाली न ठेवताच छपरीकडं गेली. झेंडू पाहून थबकली. छायानं सगळं सांगितलं. चंद्रभागानं परातीत कोमट पाणी घेतलं आणि अंडी एकेक करून पाण्यावर सोडली. आत जिवंत पिल्लू असेल तर अंडं पाण्यावर आपोआप हेलकावे खातं. दत्तू हात पुसत पुसत येऊन उभा राहिला. तिघंही परातीकडं बघत होती. अंडी पाण्यावर स्थिर होती. चंद्रभागानं परातीला धक्का लागू नये म्हणून जमिनीला टेकवलेला हातही काढून घेतला आणि बराच वेळ वाट पाहिली.

शेवटी तिनं एक अंडं दगडावर हलकेच टिचवलं. आत पिल्लू पूर्ण झालेलं होतं, ओल्या पिसांचं, चोच छातीशी धरलेलं.

"मला माहीत नव्हतं वैनी," दत्तू म्हणाला. "मी अलगदच उचलली होती."

"तुम्हाला कुठून माहीत असणार," ती म्हणाली. "फुलं नाय ना भिजली?"

तिनं अंडी पदरात घेतली आणि उकिरड्याच्या पलीकडं खड्डा करून पुरली. ती रागावली असती तर दत्तूला सोपं गेलं असतं. जेवताना तिनं त्याला नेहमीसारखी भाकरी वाढली.

कवडीची खुडूक मोडली नव्हती. ती रिकाम्या गवतावर बसून राहिली. एरवी अशा कोंबडीला चंद्रभागा गार पाण्यात बुडवायची, खुडूक जाते आणि कोंबडी पुन्हा अंडी द्यायला लागते. या वेळी तिनं तसं केलं नाही.

घटस्थापनेच्या बाजारात दत्तूची फुलं दुपारच्या आत खपली. पंचवटीत घाटाच्या वरच्या बाजूला एक सायकलवाला पिल्लं विकत उभा होता, सायकलच्या दोन्ही अंगांना टोपल्या आणि टोपल्यांत गुलाबी, हिरवी, पिवळी, रंगवलेली पिल्लं. मुलांची गर्दी जमली होती. दत्तूच्या डोळ्यांसमोर ती परात आली. त्यानं खोक्याला भोकं पाडून घेतली आणि जेवढी मावतील तेवढी पिल्लं घेतली. घरी येईपर्यंत तो खोकं मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हता.

"वैनी, बघा काय आणलंय."

चंद्रभागानं झाकण उघडलं. पिल्लं एकदम चिवचिवली. ती बराच वेळ आत बघत राहिली. एक हिरवं पिल्लू कोपऱ्यात डोळे मिटून उभं होतं, पंख सोडलेले. तिनं त्याला बोटानं हलवलं.

"मशीनमधी उबवलेली हायेत ना ही?" तिनं विचारलं.

"असतील. कवडीला काय कळतंय? ती बसलीच हाय, तिला पिल्लं मिळाली म्हणजे झालं."

"थोडे दिवस वेगळी ठेवावीत का? बाकीच्या कोंबड्यांपासून?"

"कशाला? आई असताना वेगळी कशाला?" दत्तू हसत म्हणाला. दोन-तीन दिवसांत तो पहिल्यांदा हसत होता. सृष्टी त्याच्या खांद्यावर चढून खोक्यात वाकली होती.

"बरं," चंद्रभागा म्हणाली.

दिवेलागणीला तिनं एकेक पिल्लू मुठीत घेऊन कवडीच्या पंखाखाली सरकवलं. अंधारात कोंबडीला रंग दिसत नाहीत. कवडी जराशी उठली, पिल्लांची चिवचिव ऐकून पुन्हा बसली, आणि तिचा आवाजच बदलला. ती कुरकुर थांबवून मऊ, तुटक आवाजात बोलायला लागली. सकाळी ती पाटीतून बाहेर आली तेव्हा तिच्यामागं गुलाबी आणि हिरव्या पिल्लांची रांग होती. छाया हसून हसून खाली बसली. शेजारच्या मळ्यातली अंबूबाई बघायला आली. कवडी उकिरडा उकरून त्यांना किडे दाखवत होती आणि पिल्लांना ते खायचे असतात हे कळत नव्हतं. चंद्रभागाही हसली, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. चिमाजी गेल्यापासून दत्तूनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मळ्यात पाणी धरताना त्याला मनातून फार हलकं वाटत होतं.

डोळे मिटलेलं ते हिरवं पिल्लू दुसऱ्या दिवशी मेलं. मग आणखी. चंद्रभागानं उरलेली चुलीजवळ खोक्यात घेतली, हळद आणि लसणीचं पाणी चमच्यानं पाजलं, बूड कोमट फडक्यानं पुसलं. पण तोवर ती सगळ्या कोंबड्यांमध्ये फिरलेली होती, एकाच परातीत पाणी प्यालेली होती.

दसऱ्याच्या सुमारास मोठ्या कोंबड्या मलूल झाल्या. आधी खाणं सोडलं, मग हिरवी पातळ विष्ठा, मग तोंड उघडून श्वास. काहींच्या माना पिळल्यासारख्या मागं वळल्या. मानमोडी आली होती. दत्तू सायकल मारत जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की लस निरोग्या कोंबडीला द्यायची असते, आजार आल्यावर तिचा उपयोग नाही. मेलेल्या खोल पुरा, चुना टाका, आणि नवीन आणलेलं जनावर काही आठवडे तरी वेगळं ठेवत जा.

हे शेवटचं वाक्य दत्तूनं घरी सांगितलं नाही.

चंद्रभागा दिवसभर छपरीत बसून राहायची. एकेकीला मांडीवर घेऊन कापसाच्या बोळ्यानं चोचीत पाणी सोडायची, मान हातानं सरळ धरून ठेवायची. हात काढला की मान पुन्हा वळायची. कवडी गेली तेव्हा तिच्या पंखाखाली शेवटचं गुलाबी पिल्लू होतं. त्याचा रंग उडून खालची पांढरी पिसं दिसायला लागली होती. तेही संध्याकाळपर्यंत गेलं.

आजार अंबूबाईच्या मळ्यात गेला. तिच्याही कोंबड्या मेल्या. ती बांधावर येऊन म्हणाली, "कुठून आलं बाई हे?" दत्तू तिथंच फावडं घेऊन उभा होता. चंद्रभागा म्हणाली, "हवा खराब हाय यंदा." अंबूबाई मान हलवत निघून गेली. वैनीनं आपल्याला सांभाळून घेतलं हे दत्तूला कळलं, आणि त्यानं फावडं उचललं.

सगळ्या खुराड्यात एक उघड्या मानेची कोंबडी वाचली, पण तिची मान वाकडीच राहिली. ती चालायला लागली की गोल गोल फिरायची. दाण्यावर चोच मारायला जायची आणि चोच बाजूला पडायची. चंद्रभागा तिला भिजवलेली भाकरी हातानं भरवायची.

दिवाळी झाल्यावर एक दिवस चंद्रभागा ओट्यावर आली. दत्तू चहा पीत होता.

"भाऊजी, कांद्याची लागवड आली. भावाकडं माणूस कमी हाय. जाऊ का?"

"जा की वैनी. त्यात विचारायचं काय?"

ती दाराच्या चौकटीला धरून जरा उभी राहिली. "मग या वाकड्या मानेच्या कोंबडीला भरवाल का? तिकडं नेता नाय यायची. भावाच्या कोंबड्यांना लागायचं."

"भरवीन. तुम्ही बिनघोर जा."

आपण मोठ्या मनानं बोललो असं त्याला वाटलं. वैनीला माहेरी चार दिवस बरं वाटेल, असंही वाटलं. त्यानं तिला स्टँडवर सोडलं, बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली. घरी आला तेव्हा छाया पडवीत उभी होती.

"सगळी लुगडी नेली आक्कांनी," ती म्हणाली. "थोरल्या भाऊजींचा फोटोसुद्धा."

"लागवड लय दिवस चालती."

"त्या तुम्हाला विचारत होत्या."

"मग मी हो म्हणालो ना."

छायानं त्याच्याकडं पाहिलं. "आक्का तुम्हाला कधी नाय म्हणल्यात का? आठवा बरं. पिल्लं वेगळी ठेवावीत का म्हणून विचारलं, तेव्हाही विचारलंच. त्या घरात असं विचारूनच राहिल्या. कोंबड्या होत्या तोवर त्यांचं काहीतरी होतं इथं. थांबा म्हणायचं होतं तुम्ही."

दत्तू छपरीत गेला आणि वाकड्या मानेच्या कोंबडीसाठी भाकरी भिजत घातली. ती कोंबडी त्यानं होळीपर्यंत रोज भरवली. सृष्टीला ते काम करू दिलं नाही, छायालाही नाही. मग ती मेली आणि त्यानंतर मळ्यात कोंबड्या आल्या नाहीत.

चंद्रभागा संक्रांतीला आली नाही, आखाजीच्या सणाला आली नाही. दत्तू दोनदा चांदवडला जाऊन आला. तिथं तिनं शेजाऱ्यांकडून एक तलंग, पहिल्या अंड्याची कोवळी कोंबडी, घेतली होती, पुढच्या वेळी गेला तर तिच्यामागं पिल्लं होती. दोन्ही वेळा तो घरी चला म्हणायचं ठरवून गेला, पावसाचं, कांद्याच्या भावाचं बोलला, चहा पिऊन परत आला. समोर भाऊ असायचा, भावजय असायची. आणि म्हणायचं तरी कसं, हे त्याला कळत नसे.

वर्षं गेली. मखमलाबादच्या बाजूला शहर येऊन भिडलं. शेजारच्या झेंडूच्या वावरात इमारत उभी राहिली. दोन हजार पाच साली दत्तूनं जुनं घर उतरवून नवं बांधलं आणि त्यात एक खोली वैनीसाठी काढली, मागच्या दाराला लागून, सकाळचं ऊन येणारी. बाहेर जाळीचं खुराडं बांधून घेतलं. छायानं खोली सारवल्यासारखी स्वच्छ पुसली, गादी घातली. मग दत्तू चांदवडला गेला.

चंद्रभागा अंगणात होती. केस पांढरे झाले होते, अंगानं भरली होती. भाऊ-भावजय शेतात गेले होते. तिच्याजवळ बर्फ घातलेला थर्मास होता आणि डालग्याखाली पिल्लं.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "ताजी लस आणलीय दवाखान्यातून, आणि धरायला कोणी नाय. या, बसा. गार हाय तोवर संपवली पाहिजे."

तो समोर उकिडवा बसला. ती एकेक पिल्लू त्याच्या हातात द्यायची, तो त्याचं डोकं बाजूला वळवून धरायचा, ती डोळ्यात एक थेंब सोडायची. पिल्लू डोळा मिटायचं, थेंब आत जायचा.

"असं दाबू नका. श्वास कोंडंल."

त्यानं बोटं सैल केली. काही पिल्लं झाल्यावर तो म्हणाला, "वैनी, घर बांधलं. तुमची खोली काढलीय. खुराडंपण केलंय. न्यायला आलोय तुम्हाला."

तिनं थेंब सोडला, पिल्लू त्याच्या हातातून घेऊन दुसऱ्या डालग्याखाली ठेवलं.

"नाय," ती म्हणाली.

"छायानं सांगितलंय घेऊनच या म्हणून."

"नाय भाऊजी. आता नाय."

ती रागानं बोलली नव्हती. तिनं पुढचं पिल्लू उचलून दिलं. दत्तूनं ते धरलं, पण त्याला दिसेनासं झालं होतं. "ती पिल्लं मी आणायला नको होती," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले होते, वेगळी ठेवायची असतात म्हणून. मी घरात सांगितलं नाय."

"मला ठाऊक होतं की. मी तरी कुठं नीट सांगितलं? तुम्ही इतके खुशीत आला होता." तिनं बाटली उजेडात धरून किती उरली ते पाहिलं. "पिल्लांचं नाय काही. कोंबड्या मरतात, पुन्हा होतात."

"मग मी तेव्हा थांबा म्हणालो असतो तर?"

"तर थांबले असते," ती म्हणाली. "दारात उभी होते मी."

कोंबडी अंगणभर पिल्लांना हाका मारत फिरत होती. चंद्रभागानं तिला हातानं हाकललं. ती दोघं काम करत राहिली. शेवटचं पिल्लू झाल्यावर तिनं हात धुतले, त्याच्याही हातावर पाणी घातलं, आणि चुलीवर चहा ठेवला. चहा पिताना तिनं सृष्टी कितवीत आहे विचारलं, छायाचं विचारलं, अंबूबाईचं विचारलं. अंबूबाई दोन वर्षांपूर्वी वारली, असं त्यानं सांगितलं.

निघताना तिनं सृष्टीसाठी अंडी कोंड्यात बांधून दिली. "या अधनंमधनं," ती म्हणाली, आणि तो फाट्यापर्यंत जाईतो अंगणात उभी राहिली.

घरी पोचला तेव्हा छाया दारातच होती. तिनं त्याच्या मागं पाहिलं.

"काय म्हणल्या?"

"नाय म्हणल्या."

"असंच? नाय म्हणून?"

"असंच."

छाया खोलीत गेली. तिनं चादर काढली, घडी घातली, मग गादी गुंडाळली. दत्तू अंड्यांचं गाठोडं हातात घेऊन दाराशी उभा होता. पुढं त्या खोलीत सृष्टीनं अभ्यासाचं टेबल टाकलं. जाळीच्या खुराड्यात दुसऱ्या वर्षी दत्तूनं रिकामे क्रेट रचले.